वेशीवरून परत की वेशीपलीकडे? पुनरुत्थान आणि ‘रॅप्चर’च्या दोन शिकवणी

मामांच्या दफनाला दोन संदेश झाले. पहिला आमच्या जुन्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांचा: मामा झोपी गेले आहेत, शेवटल्या दिवशी तुतारी वाजेल आणि ते उठतील. मग मामेभाऊ ज्या फेलोशिपला, म्हणजे स्वतंत्र प्रार्थना-मंडळीला, जातो तिथले पास्टर उभे राहिले. दोन मिनिटं मामांबद्दल बोलले आणि वीस मिनिटं रॅप्चरबद्दल. कुठल्याही क्षणी विश्वासणारे उचलले जातील, चालत्या गाडीचा ड्रायव्हर नाहीसा होईल, मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला सात वर्षांचं महासंकट. परतताना रिक्षात मामी एवढंच म्हणाल्या, “म्हणजे हे आधी उठणार की आपण आधी जाणार?”

आपल्याकडे अशी घरं आता बरीच आहेत. बाप्तिस्मा आणि दृढीकरण जुन्या मंडळीत झालेलं, शुक्रवारची प्रार्थना फेलोशिपमध्ये. दोन्हीकडचं ऐकून गोंधळलेल्यांसाठी हे लिहितोय. माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही.

आधी दोन्हीकडे सारखं असलेलं सांगून टाकतो, कारण भांडणाच्या भरात ते विसरलं जातं. मेलेले सशरीर उठतील, हे दोघंही मानतात. निकायाच्या विश्वासांगीकारात (उपासनेत एकत्र म्हणायचं श्रद्धेचं निवेदन) ‘मृतांचं पुनरुत्थान’ आहे, प्रेषितांच्या विश्वासांगीकारात ‘शरीराचं’. नुसता आत्मा अमर आहे, एवढ्यावर ख्रिस्ती आशा थांबत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात प्रेषित पौल दाण्याचं उदाहरण देतो: पेरतो ते एक, उगवतं ते वेगळं, तरी पीक त्याच दाण्याचं. देह जाळला तर काय, हा प्रश्नही त्यामुळे फारसा अडत नाही. कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनाला मोकळीक दिली, २०१६ साली अस्थी विखरू नका, पवित्र जागी ठेवा असं सांगितलं. मुंबईत जागेच्या टंचाईमुळे हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, त्यांनाही हेच वचन लागू.

मतभेद आहे तो क्रमाचा.

जुनी शिकवण साधी आहे. ख्रिस्त एकदाच येईल, उघडपणे, सगळ्यांना दिसेल असा. त्याच वेळी मेलेले उठतील, जिवंत असलेल्यांचं रूपांतर होईल, न्याय होईल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात येशू म्हणतो की कबरेतले सर्व त्याची वाणी ऐकतील, सत्कर्म केलेले जीवनासाठी उठतील आणि दुष्कर्म केलेले न्यायासाठी. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन आणि बहुतेक अँग्लिकन मंडळ्या ढोबळमानाने इथे उभ्या आहेत. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणातली, ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं त्या अक्षरशः धरत नाहीत. ती अक्षरशः धरणारे, पण ‘आधी गुपचूप उचलणं’ न मानणारेही पहिल्या शतकांपासून आहेत. त्यांच्या हिशेबात पुनरुत्थानं दोन, मध्ये हजार वर्षं.

रॅप्चरच्या शिकवणीत ख्रिस्ताचं येणं दोन टप्प्यांत होतं. आधी तो अंतराळापर्यंत येतो आणि मंडळीला घेऊन जातो, तेव्हा ख्रिस्तात मेलेले उठतात. मग पृथ्वीवर सात वर्षं महासंकट आणि ख्रिस्तविरोधकाची (अँटीख्राइस्टची) सत्ता. त्यानंतर ख्रिस्त सर्वांना दिसेल असा येतो, संकटातले हुतात्मे उठतात, हजार वर्षांचं राज्य सुरू होतं आणि ते संपल्यावर उरलेले मृत न्यायासाठी उठतात. वेळापत्रक गुंतागुंतीचं आहे खरं, पण फेलोशिपच्या भिंतीवर रंगीत तक्ता लावलेला असतो, त्यामुळे लोकांना ते पाठ असतं. जुन्या मंडळीत असा तक्ता मी कधी पाहिला नाही.

ही मांडणी एकोणिसाव्या शतकातली. जॉन नेल्सन डार्बी हा आयर्लंडच्या अँग्लिकन चर्चमधून बाहेर पडून ब्रदरन मंडळींत गेलेला उपदेशक. १८३०च्या दशकात त्याने ती घडवली, आणि ब्रदरनांपैकीच बी. डब्ल्यू. न्यूटनने तिला विरोध केला. पुढे १९०९ साली ऑक्सफर्डने छापलेल्या स्कोफिल्डच्या टिपांच्या बायबलातून ती अमेरिकेत घराघरांत गेली. वचन आणि टीप एकाच पानावर, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही सारख्याच वजनाची वाटू लागली. तिथून मिशनरी, बायबल कॉलेजं आणि आता यूट्यूब, या वाटेने ती आपल्यापर्यंत आली. नवी म्हणून खोटी असं मात्र मी म्हणणार नाही. धर्मसुधारक लूथरलाही लोक हेच ऐकवत होते.

सगळा वाद शेवटी एका वचनावर येतो: थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, ४:१७. जिवंत उरलेले आपण, प्रभूला सामोरे होण्यासाठी, मेघांत घेतले जाऊ. लॅटिन बायबलात या ‘घेतले जाऊ’साठी ‘रापिएमुर’ आहे, ‘रॅप्चर’ शब्दाचं कूळ तेच. म्हणजे उचललं जाणं दोघांनाही मान्य आहे. प्रश्न आहे तो उचलल्यावर जायचं कुठे हा.

इथे मला ‘सामोरे होणे’ हे शब्द फार बोलके वाटतात. मूळ ग्रीक शब्द ‘अपान्तेसिस’. येशूच्या दाखल्यात दहा कुमारी वराला सामोऱ्या जातात तिथे तोच आहे. प्रेषितांच्या कृत्यांत रोमचे बंधू पौलाला घ्यायला सुमारे ६५ किलोमीटरवरच्या अप्पियाच्या बाजारपेठेपर्यंत येतात, तिथेही तोच, आणि ते त्याच्याबरोबर रोमलाच परततात. मराठी माणसाला हे समजवावं लागू नये. सीमांतपूजनाला नवरदेवाला गावाच्या सीमेवर सामोरं जायची रीत होती. तिथून त्याच्यासोबत कुणी परगावी निघून जात नसे, वाजतगाजत त्याला मांडवात आणत. मेघांत जाणं असं धरलं तर मंडळी राजाला सामोरी जाते आणि त्याच्यासोबत पृथ्वीवर परतते.

हे मी मामेभावाच्या पास्टरांना सांगितलं. हसून म्हणाले, “ब्रदर, सीमांतपूजन झालं तरी वधू शेवटी सासरीच जाते ना?” उत्तर चपखल होतं, आणि वचनाला धरूनही: योहान १४, माझ्या पित्याच्या घरात राहायच्या पुष्कळ जागा आहेत, मी परत येऊन तुम्हाला घेईन. मला प्रत्युत्तर सुचलं ते रात्री. प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात नवं यरुशलेम वधूसारखं सजून स्वर्गातून खाली येतं आणि देवाची वस्ती माणसांमध्ये होते. इथे सासरच खाली उतरतं! तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर एका शब्दावर निकाल लागत नाही. पौलाने परतीचा प्रवास लिहिलेला नाही, आणि स्वर्गात नेण्याचाही.

रॅप्चरवाल्यांची भक्कम बाजू दुसरीकडे आहे. देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही (१ थेस्सलनीका ५:९). फिलदेल्फियाच्या मंडळीला ‘परीक्षेच्या वेळेपासून तुला राखीन’ असं वचन आहे (प्रकटीकरण ३:१०). शिवाय महासंकटाची चिन्हं आधी दिसणार असतील, तर ‘कोणत्याही क्षणी’ येण्याची वाट कशी पाहणार? हा प्रश्न खरा आहे. समोरच्यांचं म्हणणं असं की राखणं म्हणजे बाहेर काढणंच असं नाही. योहान १७:१५मध्ये येशू, यांना जगातून काढून घे असं मागत नाही, वाइटापासून राख असं मागतो. आणि मत्तय २४:२९-३१ मध्ये निवडलेले जमवले जातात, तुतारीसह, ते संकटानंतर. मला हा भाग ओलांडून पुढे जाता येत नाही. तो फक्त यहूद्यांसाठी आहे, हे उत्तर मी ऐकलंय. पटलं नाही.

त्याच अध्यायातलं एक वचन मात्र रॅप्चरच्या बाजूने वापरू नका. जात्यावर दळणाऱ्या दोघी, एक घेतली जाते, एक ठेवली जाते. पोस्टरवर हेच असतं. पण वरच्याच ओळींत नोहाचा जलप्रलय आहे, आणि तिथे वाहून गेले ते बुडालेले, मागे राहिला तो नोहा. रॅप्चर मानणारे कित्येक अभ्यासू शिक्षकही या वचनाचा अर्थ न्यायाकडेच लावतात.

रोजच्या जगण्यात फरक काय? रॅप्चरच्या मंडळींत जाग असते. लोक शेजाऱ्याशी सुवार्तेबद्दल बोलतात, ख्रिस्त आज येईल असं खरंच मानतात. आमच्या जुन्या मंडळीत त्याचं येणं विश्वासांगीकारात दर रविवारी म्हणतो आणि उपदेशात वर्षानुवर्षं ऐकत नाही. ही खोट आमची. त्यांचा धोका तारखांचा. दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख जाहीर झाली, लोकांनी नोकऱ्या सोडल्या, पैसे दिले. ती सांगणाऱ्या पाळकाने स्वतः घेतलेल्या रोख्यांची मुदत त्या तारखेनंतरची निघाली आणि तो फसवणुकीत तुरुंगात गेला. २१ मे २०११ अमेरिकेतून आली, सप्टेंबर २०२५ची दक्षिण आफ्रिकेतून. शेवटची तर आमच्या फॅमिली ग्रुपवरही आली होती, तीन वेळा. शहाणे रॅप्चर-उपदेशक तारीख सांगत नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

जाता जाता: पुण्यात स्पायसर विद्यापीठामुळे ओळखीचे असलेले ॲडव्हेंटिस्ट पंथाचे बंधू गुप्त रॅप्चर मानत नाहीत, पण मृत खरोखर नेणिवेत झोपलेले आहेत असं मानतात. तो वेगळा विषय.

निवडायचंच असेल तर मंडळी बदलण्याआधी एक करा. थेस्सलनीकाची दोन्ही पत्रं एका बैठकीत वाचा, टिपांशिवाय. अर्धा तास लागतो. मग दोन्हीकडच्या उपदेशकांना एकच विचारा: माझ्यावर संकट आलं आणि मी उचलला गेलो नाही, तर तुमची शिकवण मला काय देते? माझा कौल जुन्या शिकवणीला आहे तो मुख्यतः या उत्तरामुळे. पण निव्वळ या मुद्द्यावर कुणाच्या सहभागितेतून उठून जावं असं मला वाटत नाही.

मामींना रिक्षात मी उत्तर दिलं नव्हतं. ईस्टरच्या पहाटे कबरीवर फुलं ठेवताना सांगितलं, “मामी, मामा आधी. ख्रिस्तामध्ये मेलेले प्रथम उठतील, मग आपण. थेस्सलनीकाच्या लोकांनाही हीच काळजी होती, म्हणून तर पौलाने लिहिलं. पाळकसाहेब आणि पास्टर, दोघंही यावर एक आहेत.”

मामींनी मेणबत्ती वाऱ्याआड सरकवली. “मग बरं,” म्हणाल्या. “त्यांना ताटकळत ठेवलेलं कधीच खपत नसे.”