‘ओरिजनल, पण बंद’ म्हणून गळ्यात मारलेले नकली कंट्रोलर

जुन्या व्हिडिओ गेमच्या बंद पडलेल्या सामानापासून मी घरी अंगावर घालायच्या वस्तू बनवते. कार्ट्रिजमधल्या, म्हणजे गेमच्या कॅसेटमधल्या, सर्किट बोर्डचे कानातले, बटणांच्या अंगठ्या आणि सगळ्यात जास्त मागणी असलेलं, निन्टेंडो कंपनीच्या एनईएस या जुन्या, टीव्हीला लावायच्या गेम मशीनच्या आयताकृती कंट्रोलरचं बेल्टचं बक्कल. चालू किंवा दुरुस्त होण्यासारखा माल मी फोडत नाही. हे सामान पुन्हा तयार होणार नाही, त्यामुळे ते फोडणं मला पटत नाही. म्हणून बंद माल शोधावा लागतो, आणि नेमक्या याच गरजेवर काही विक्रेते टपून बसलेले असतात. बंद वस्तू कोणी चालवून बघत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

मी घेतलेल्या लॉटच्या जाहिरातीत ‘ओरिजनल कंट्रोलर आणि गेम बॉय कार्ट्रिज, सगळे बंद, हस्तकलेसाठी उत्तम’ असं लिहिलं होतं. कंट्रोलरच्या वायर आधीच कापलेल्या होत्या, ‘तुमचं काम सोपं व्हावं म्हणून’. खाली एक अट होती: स्क्रू काढलेला माल परत घेतला जाणार नाही. बंद मालाच्या विक्रीत अशा अटी सर्रास असतात.

माल हातात आल्यावर पहिली शंका वायरवरून आली. कापलेलं टोक जरा सोललं तर आत चार तारा निघाल्या: लाल, पांढरी, हिरवी, काळी. एनईएसच्या मूळ कंट्रोलरच्या वायरमध्ये पाच तारा असतात. या चार रंगांच्या चार तारा म्हणजे सरळसरळ यूएसबीची वायर. कंप्युटरला लावायच्या स्वस्त नकला होत्या त्या, आणि वायर कापली होती ती प्लग दिसू नये म्हणून! एक कंट्रोलर उघडला. मूळ कंट्रोलरच्या बोर्डवर सोळा पायांची, ४०२१ जातीची लांबट चिप असते. इथे तिच्या जागी काळ्या रेझिनचा एक गोळा थापलेला होता.

कार्ट्रिजची तीच गत. गेम बॉय म्हणजे निन्टेंडोचंच हातात धरून खेळायचं मशीन. त्याच्या मूळ कार्ट्रिजला ३.८ मिमीचा खास स्क्रू असतो, त्याला पोकळ तोंडाचा गेमबिट ड्रायव्हर लागतो. इथे साधे प्लसचे स्क्रू! आत मूळ बोर्डवर निन्टेंडोचं नाव आणि बोर्डचा क्रमांक छापलेला असतो, तांब्याच्या रेषांची दाट नक्षी असते. त्या नक्षीसाठी तर लोक हे कानातले घेतात. माझ्या हातात आले ते अर्धे रिकामे बोर्ड आणि तोच काळा गोळा.

‘दागिनाच करायचा आहे ना, मग खरं-खोटं कशाला बघायचं?’ असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. जो माणूस हे बक्कल लावतो त्याला लहानपणी हातात धरलेली ती खरी वस्तू हवी असते, आणि मी ‘खरं आहे’ असं सांगून ती देते. शिवाय हे कातडीला लागतं. जुन्या बोर्डच्या सोल्डरमध्ये शिसं असतं हे धरूनच मी मागची-पुढची बाजू पारदर्शक रेझिनने बंद करते आणि कानात जाणारा हूक वेगळा, निकेल नसलेला लावते. नकली बोर्डवर कसला मुलामा चढवलाय, हे मी कोणाला विचारायचं?

तक्रार केली, तर विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: ‘तुम्ही स्क्रू काढलेत.’ म्हणजे पुरावा स्क्रूच्या आत आणि स्क्रू काढला की हक्क संपला. अटीची खरी मेख इथे होती. विक्रीच्या साइटने ‘माल बंद असल्याचं जाहिरातीत लिहिलंच होतं’ म्हणून तक्रार मिटवून टाकली. माझी तक्रार माल बंद असण्याची नव्हतीच, ‘ओरिजनल’ या शब्दाची होती, आणि तोवर तो शब्द जाहिरातीतून गायब झाला होता. खरेदीच्या वेळचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, म्हणून प्रकरण पुन्हा उघडलं. कंट्रोलरचे पैसे मिळाले, कारण चार तारा न उघडताही दिसत होत्या. कार्ट्रिजचे बुडाले.

तुम्ही असा लॉट घेणार असाल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून प्लगसकट वायरचा, स्क्रूच्या तोंडाचा आणि एका उघडलेल्या नगाच्या बोर्डचा फोटो मागा. शेजारी तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा, म्हणजे दुसरीकडून उचललेला फोटो चालणार नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा आणि पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या. गेम बॉय अॅडव्हान्स या नंतरच्या मशीनच्या कार्ट्रिजला मात्र मुळातच तीन पात्यांचा स्क्रू असतो, गेमबिट लागत नाही म्हणून तिला नकली ठरवू नका. तिच्या लेबलवर उजेड तिरका पाडून दाबून उमटवलेला बारीक आकडा शोधा. तो मूळ लेबलवर बहुधा सापडतो.