शाळेच्या बजेटचं सॉफ्टवेअर: दोन मार्चएंडनंतर

दोन मार्चएंड या सॉफ्टवेअरवर काढले, आता लिहायला हरकत नाही. नुसता डेमो बघून काही कळत नाही. डेमोतल्या शाळेत सगळे पालक एक तारखेला फी भरतात. नाव मुद्दाम देत नाही, तक्रारीही करायच्या आहेत आणि सपोर्टवरचा मुलगा माझे फोन बिचारा निमूट घेतो.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातली, विनाअनुदानित, नर्सरी ते आठवी. मी हेडक्लार्क. आधी एक्सेलच्या सात शीट होत्या आणि सचिवसाहेबांच्या पेनड्राइव्हमध्ये आठवी, जी कशाशीच जुळायची नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट व्हाउचरच्या खिडकीत आहे. हेड, म्हणजे खर्चाचं खातं, निवडलं की त्याची उरलेली तरतूद शेजारीच दिसते. स्नेहसंमेलनाच्या मंडपवाल्याचं बिल ११,५०० आणि हेडला शिल्लक ८,४००. जादा मंजुरी कोणाची, ते नाव टाकल्याशिवाय व्हाउचर सेव्हच होईना. तेव्हापासून खेळाचे सर बिल घेऊन येण्याआधी विचारायला येतात, "मॅडम, माझ्यात किती उरलेत?"

आता दुखणं. आमच्याकडे आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली मोफत शिकणारी, ४२ मुलं. त्यांची फी सरकार शाळेला देतं, ती प्रतिपूर्ती. प्रतिपूर्ती मुलामागे १७,६७० धरली तर वर्षाचे ७,४२,१४० होतात. सॉफ्टवेअरनं त्याला बारानं भागलं आणि दर महिन्याच्या जमेत ६१,८४५ रुपये दाखवायला लागलं. ही रक्कम महिन्याला येते असं ज्यानं ठरवलं, त्यानं शाळेच्या ऑफिसात एक दिवसही काढलेला नसावा. येणं बाकी वेगळं आणि बँकेत आलेलं वेगळं, हे सॉफ्टवेअरला हातानं शिकवावं लागतं.

मी तो रकाना शून्य केला, तसे मे आणि जून लाल झाले. मेमध्ये फी नाही, पगार मात्र पूर्ण, त्यात बसचा विमा आणि पासिंग. जूनचा पहिला हप्ता पंधरा तारखेनंतर. तूट दोन लाख दहा हजार! हाच कागद फेब्रुवारीत सचिवसाहेबांपुढे ठेवला, तर रंगकाम त्यांनी स्वतःच दिवाळीच्या सुट्टीत ढकललं. एरवी हे मला मे महिन्याच्या पगाराला कळलं असतं. सॉफ्टवेअरचे वर्षाचे अठरा हजार तेवढ्यात वसूल.

पुढच्या पाच वर्षांचं नियोजन म्हणून जे आहे ते निकामी. ते दरवर्षी दहा टक्के फी वाढवत जातं. आपल्याकडे २०११च्या फी कायद्याप्रमाणे एकदा ठरलेली फी दोन वर्षं हलत नाही, आणि वाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे सहा महिने आधी ठेवावा लागतो. ट्रस्टचं अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयाच्या नमुन्यातही निघत नाही, ते मी अजून एक्सेलमध्येच करते. मराठी प्रिंटमध्ये 'क्रीडा'चा क एकीकडे, री दुसरीकडे. दोन वर्षं सांगतेय, "पुढच्या अपडेटला येईल मॅडम."

यंदा रिन्यू केलं. तुम्ही घेणार असाल तर डेमोवाल्याला त्याचा डेटा दाखवू देऊ नका, आपल्या शाळेचा मे-जून त्याच्यासमोर भरायला सांगा.