‘एलएस स्वॅप’च्या नावावर माथी मारलेल्या स्प्रिंगा

1967 ते 1969 च्या शेव्हर्ले कॅमॅरो गाडीतून 396 घनइंचांचं जड लोखंडी ‘बिग ब्लॉक’ इंजिन काढून अ‍ॅल्युमिनियमचं एलएस1 इंजिन बसवलं (यालाच ‘एलएस स्वॅप’ म्हणतात), की पुढचं वजन 200 पौंडांच्या आसपास उतरतं. जुन्याच स्प्रिंगा ठेवल्या तर गाडीचं नाक वर येतं, त्यामुळे नवी जोडी घ्यावी लागते. विक्रेते नेमके इथेच गाठतात. अमेरिकेत जाहिरात पाहून मागवलेल्या आमच्या जोडीच्या खोक्यावर ‘एलएस स्वॅपसाठी, इंचाला 320 पौंड’ असं छापलं होतं, म्हणजे स्प्रिंग एक इंच दाबायला 320 पौंड लागतात. काळं चकचकीत पावडर कोटिंग होतं, पार्ट नंबरचा पत्ता नव्हता. निघाली ती बिग ब्लॉकची जुनी स्प्रिंग, एक वेढा कापून रंगवलेली.

ही लबाडी डोळ्यांना दिसत नाही, कारण कापल्यामुळे लांबी घटते आणि विक्रेत्याच्या फोटोत गाडी छान खाली बसलेली दिसते. पण वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. ते पकडायला व्हर्नियर (जाडी आणि व्यास मोजायचं साधन) पुरतो. तारेवरचा रंग आधी खरवडा. कोटिंगचे इंचाचे सात हजारांश भागसुद्धा उत्तर चार टक्क्यांनी चुकवतात, कारण हिशेबात तारेच्या जाडीचा चौथा घात येतो. तो घात गुणिले 1 कोटी 15 लाख (पोलादाचा ठरलेला आकडा), भागिले मधल्या व्यासाच्या घनाची आठपट, भागिले मोकळे म्हणजे दबणारे वेढे. बाहेरचा व्यास 5.5 इंच, तार 0.67, म्हणजे मधला व्यास 4.83. साडेसात वेढ्यांना 343 पौंड येतात, साडेसहांना 395. खोक्यावर 320! खात्रीसाठी मशीन शॉपमधल्या स्प्रिंग टेस्टरवर दाबून आकड्यांचा कागद घ्या.

कापलेलं टोकही नीट बघा. गॅसने कापलं असेल तर रंगाखाली निळसर जळका पट्टा सापडतो; तिथल्या पोलादाचं पाणी, म्हणजे कणखरपणा, उतरलेलं असतं, अशी स्प्रिंग गाडीला लावूच नये. सपाट टोक वर आणि उघडं टोक खालच्या कंट्रोल आर्मच्या (चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) खोबणीत बसतं. सपाट बाजूच कापली असेल तर स्प्रिंग तिरकी बसते, वाकते, घासते. खाली खोबणीत दोन भोकं असतात: तारेच्या टोकाने एक झाकलं पाहिजे, दुसरं निदान अर्धवट उघडं राहिलं पाहिजे. तसं जमत नसेल तर शंका घ्याच. गाडी जॅकवर उचलल्यावर स्प्रिंग हाताने हलली, तर ती आखूड आहे.

मुळात ‘एलएस’ हे काही वजन नव्हे. ट्रकमधलं 5.3 लिटरचं एलएम7 लोखंडी ब्लॉकचं आहे, एलएस1 पेक्षा बरंच जड. इंजिनाचं नाव सांगून स्प्रिंग विकणाऱ्याला वजन, भाराखालची उंची आणि कडकपणा, असे तीन आकडे लेखी मागा. देत नसेल तर पुढे बोलूच नका. आपल्या बाजूने पुढच्या आसाचं वजन हाती ठेवा: ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर दोन्ही आस वेगळे तोलून मिळतात. इंजिन उतरवण्याआधी एकदा आणि नवं बसवून तेल, पाणी, पेट्रोल भरल्यावर पुन्हा तोला. समजा एका चाकावरचे 80 पौंड कमी झाले. स्प्रिंग आर्मच्या साधारण मध्यावर असते, म्हणून तिच्यावरचे 160 उतरतात. 320 च्या स्प्रिंगला ती अर्धा इंच वर येते आणि चाकाशी एक इंच. अर्ध्या इंचाचा फरक चाकाशी दुप्पट होतो, हे न कळल्यामुळे लोक ‘दोन इंच खाली’ वाचून भलतीच स्प्रिंग उचलतात.

पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. झेल या अमेरिकी पैसे पाठवण्याच्या सेवेने दिलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नाही, पेपॅलच्या ‘मित्र आणि कुटुंब’ पर्यायालाही नाही. ठरल्याप्रमाणे माल आला नाही, तर तो व्यवहार दाखवणारं पहिलं बिल निघाल्यापासून 60 दिवसांत बँकेला लेखी तक्रार पोचली पाहिजे. सोबत टेस्टरचा कागद, खरवडलेल्या टोकाचे फोटो आणि जाहिरातीची प्रत जोडा. पत्र मात्र बिल भरण्याच्या पत्त्यावर पाठवू नका. तक्रारींसाठी वेगळा पत्ता दिलेला असतो, तिथेच पाठवा.