पिग्मीचे पन्नास रुपये आणि दिल्लीचं रजिस्ट्रेशन

पतसंस्थेत पैसे बुडाले की लोकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो "हाव". १२-१३ टक्क्यांच्या मागं लागले, भोगा म्हणावं. आमचेही बुडाले. आमच्या घरचा हिशोब मांडते, मग हाव कुठं होती ते तुम्हीच शोधा.

नवरा जिनिंगवर हिशोब लिहायला आहे. पगार १४,००० रुपये, तोही कापसाचा हंगाम चालू आहे तोवर. पावसाळ्यात मालक निम्म्यावर आणतो. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराईत बरे सुटतात, पितृपंधरवड्यात मशीन नुसती उभी असते. अशा घरात महिन्याची बचत होत नाही, रोजची होते. महिनाअखेरीला हातात काही उरत नाही, पण दुपारी ब्लाउजचे दीडशे आले की त्यातले पन्नास बाजूला काढता येतात. संध्याकाळपर्यंत ते घरात राहिले तर भाजीत, नाहीतर पोरांच्या वहीत जातात. म्हणून संध्याकाळच्या आत ते नेणारा माणूस लागतो. पिग्मी, म्हणजे एजंट रोज दारातून नेतो ती छोटी बचत, चालते ती एवढ्यावरच.

आमचा एजंट गल्लीतलाच पोरगा. मला काकू म्हणतो, त्याच्या बारशाचं जेवण मी जेवले आहे. रोज चारच्या सुमाराला गाडीवरून यायचा, छोट्या मशीनवर पावती काढून द्यायचा. नसतील पैसे तर "राहू द्या काकू, उद्या दोन्ही दिवसांचे घेतो" म्हणायचा. बँकेत जायचं तर अर्धा दिवस मोडतो. स्लिप चुकली की खिडकीतला माणूस सगळ्या रांगेसमोर बोलतो, पासबुकाचं मशीन बंद असतं. पन्नास रुपये भरायला गेलेल्या बाईकडं तिथं कोण कसं बघतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

आता व्याजाचं. २०२१ साली पोस्टाच्या आवर्ती ठेवीला ५.८ टक्के होते, आमची पतसंस्था मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी, ती १२ देत होती. वर्षाची पिग्मी साचली की एजंट म्हणायचा, मुदत ठेवीच्या पावतीत टाका. ४०,००० ची पावती धरली तर फरक वर्षाला अडीच हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला दोनशे रुपये. दोनशे रुपयांत गॅसची टाकी येत नाही. श्रीमंत व्हायला कुणी निघालं नव्हतं. मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती आणि जमलंच तर पत्र्याच्या जागी स्लॅब टाकायचा होता, बस.

मोठी रक्कम गेली ती सासूबाईंची. गुडघे धरल्यावर त्यांनी दोन म्हशी विकल्या, त्यातले सव्वा लाख शाखेत ठेवले. ज्येष्ठ नागरिक म्हणून वरचा टक्का धरून १३ टक्के, दर महिन्याला साडेतेराशे रुपये व्याज. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या त्यातून यायच्या, मुलाकडं हात पसरावा लागत नव्हता. बरेच महिने व्याज तारखेच्या तारखेला आलं. तारीख पाळली जाते म्हटल्यावर पुढचं कुणी विचारत नाही. त्यांचं बघून त्यांच्या भावजयीनं सोयाबीनचे पैसे आणून टाकले. आमच्या भागातले ऊसतोडीला जाणारे लोक मुकादमाकडून घेतलेली उचल घरखर्चाला देऊन उरलेली इथं ठेवून कारखान्यावर जायचे.

शाखा बघितली असती तर तुम्हीही पैसे ठेवले असते. एसी, काचेचं दार, गणपतीच्या आरतीला बोलावणं, मकरसंक्रांतीला बायकांसाठी हळदीकुंकू. भिंतीवर मोठ्या अक्षरात "भारत सरकार नोंदणीकृत". मॅनेजर सांगायचा, "आपलं रजिस्ट्रेशन दिल्लीचं आहे, ताई. तालुक्याच्या पतसंस्थेसारखं नाही."

त्या दिल्लीचा अर्थ पैसे अडकल्यावर समजला. राज्यातल्या साध्या पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येतात. तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला उपनिबंधक असतो. मल्टीस्टेट येते २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली, आणि तिचा निबंधक दिल्लीत बसतो. आम्ही पन्नासएक बायका सहायक निबंधकाच्या कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी पाणी विचारलं आणि सांगितलं, "ही संस्था आमच्याकडं येत नाही." ज्या पाटीचा मान वाटत होता तिचा व्यवहारात अर्थ एवढाच होता की गाऱ्हाणं ऐकायला जवळ कुणी नाही.

दुसरी गोष्ट पहिल्या दिवशीच्या अर्जात होती. खातं उघडताना शंभर रुपये "शेअरचे" म्हणून घेतात. फी असेल असं सगळ्यांना वाटतं. ती फी नसते, त्या शंभरात तुम्ही संस्थेचे सभासद होता. बँकेत तुम्ही ठेवीदार असता, आणि रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. आधी ते १ लाख होतं, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झालं. सहकारी बँकेलाही ते आहे. पतसंस्थेला नाही, ना तालुक्याच्या, ना दिल्लीच्या. आमच्या शाखेत "ठेवी सुरक्षित" असं लिहिलेलं होतं, पण कुणी सुरक्षित केल्या ते लिहिलेलं नव्हतं. विचारलं की मॅनेजर सोनेतारणाच्या तिजोरीकडं बोट दाखवायचा.

आणि हिशोब. हे गणित नवऱ्यानं जिनिंगच्या वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं. ठेवीदाराला १२-१३ द्यायचे, एजंटाचं कमिशन, एसी शाखेचं भाडं, पगार, जाहिराती. हे सगळं भागवायला कर्ज १७-१८ टक्क्यांच्या खाली देऊन चालत नाही. १८ टक्क्यांनी कर्ज कोण घेतो? सोनं गहाण टाकणारा अडलेला माणूस घेतो, पण तो थोडं घेतो. बाकीचे कोट्यवधी रुपये कुणाला दिले, हे विचारायला हवं. आमच्याकडचा पैसा अध्यक्षांच्या घरच्याच कंपन्यांत गेल्याची तक्रार आहे; खटला चालू आहे, त्यामुळं याहून पुढं लिहीत नाही.

बंद पडायच्या आधीचे महिने नीट सांगते, कारण ज्यांचे पैसे आज कुठल्या चालू संस्थेत आहेत त्यांना तेच उपयोगाचं आहे.

आधी दर वाढला. दिवाळी ठेव योजना आली, कमी मुदत आणि जास्त व्याज. बाहेरचे दर फारसे हलत नसताना एखादी संस्था घाईनं व्याज वाढवते, तेव्हा तिला नवीन पैशाची निकड असते. मग मुदत संपलेल्या पावतीचे पैसे एकरकमी मिळेनात. "सर्व्हर डाऊन आहे", "कॅश जिल्ह्याहून निघाली", "आज पाच हजार न्या, बाकीचे सोमवारी". मग टोकन आलं, पहाटे पाचपासून रांग. मग अध्यक्षांचा व्हिडिओ फिरला: मालमत्ता ठेवींपेक्षा जास्त आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका, एकदम पैसे काढाल तर तुम्हीच संस्था बुडवाल. हे शेवटचं वाक्य फार कामाचं असतं. त्यानं रांगेतली माणसं एकमेकांवर चिडतात, मॅनेजर मोकळा राहतो.

सगळ्यात वाईट खेळ पावत्यांचा. मॅनेजर सासूबाईंना म्हणाला, "आजी, जुनी पावती जमा करा. सहा महिन्यांसाठी नूतनीकरण करू, व्याज अर्धा टक्का जास्त लावतो, आणि वीस हजार आज रोख देतो." त्यांनी मूळ पावती दिली. हातात वीस हजार आले आणि शिक्का मारलेला साधा कागद. नवीन पावती "प्रिंट होऊन येते" म्हणाला. ती आली नाही, त्याआधी शटर खाली आलं. आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज द्यायला गेलो तेव्हा पहिली मागणी मूळ पावतीची. भावजयीनं आपली पावती सोडली नव्हती, तिचा अर्ज सरळ गेला. सासूबाईंसाठी पासबुकातल्या व्याजाच्या नोंदी, जुनी झेरॉक्स आणि प्रतिज्ञापत्र असं सगळं जोडत बसावं लागलं. पासबुक दर महिन्याला भरून आणायची सवय होती म्हणून एवढं तरी निघालं. माझ्या पिग्मीच्या पावत्या तर पुसट झाल्या होत्या. त्या मशीनच्या कागदावरची शाई वर्षभरात उडते. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले असतील तरच त्यांना अर्थ.

२०२३-२४ मध्ये मराठवाड्यात एकामागून एक मल्टीस्टेट बंद पडल्या, त्यामुळं पोलिसांकडं अर्जांचे ढीग होते. अशा प्रकरणात राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा लागतो, सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. त्यात सरकार मालमत्ता जप्त करतं, त्यावर सक्षम प्राधिकारी नेमतं, विशेष न्यायालय जप्ती कायम करतं, मग लिलाव, मग वाटप. कागदावर वाट सरळ आहे. प्रत्यक्षात एका जमिनीवर आधीच बँकेचा बोजा निघतो, दुसरीवर नातेवाइकाचा दावा. आमच्या हातात अजून काही आलेलं नाही. तरी अर्ज द्यायलाच हवा. यादीत नाव नसेल तर वाटपाच्या वेळी कुणी विचारणार नाही.

त्या ढिगाऱ्यावरही माणसं कमवून गेली. तहसीलबाहेर फुकटचा फॉर्म पन्नास रुपयांना विकला जात होता. "ठेवीदार कृती समिती" म्हणून एकानं घराघरातून पाचशे गोळा केले, पावतीपुस्तकही छापलं होतं. मग फोन सुरू झाले. सहाराच्या चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये पोर्टल काढलं, ते खरं आहे. पण ते सहारापुरतंच. फोनवरची बाई म्हणाली, तुमच्या मल्टीस्टेटचंही पोर्टल सुरू झालं, ११०० रुपये प्रोसेसिंग भरा आणि ओटीपी सांगा. माझ्या खातं नंबराचे शेवटचे आकडे तिला माहीत होते. ठेवीदारांची यादीच कुणीतरी विकली असणार. सरकार ठेव परत करायला फी मागत नाही आणि ओटीपी तर नाहीच नाही, एवढं म्हणून मी फोन ठेवला. शेजारच्या मामींनी भरले.

मुलगी नर्सिंगला गेली, शैक्षणिक कर्ज काढून. स्लॅबचा विषय घरात निघत नाही. सासूबाई गोळ्यांचे पैसे मागताना पाठ फिरवून बोलतात. माझी आवर्ती ठेव आता पोस्टात आहे. तिथंही एक महिला एजंट येते, पण महिन्यातून एकदा. मधल्या दिवसांचे पन्नास-पन्नास मी कुलपाच्या डब्यात टाकते आणि किल्ली नवऱ्याकडं असते. कधीतरी त्याच्या बिडीत जातात, ते वेगळं.

एजंटाला मी शिव्या दिल्या नाहीत. त्याच्या आईचे साठ हजार त्याच शाखेत होते, आणि लोक त्याच्या दारात येऊन बसायचे तेव्हा वर बसलेल्यांपैकी कुणी फोन उचलत नव्हतं. परवा तो पुन्हा आला, दुसऱ्या पतसंस्थेचं मशीन घेऊन.

"काकू, ही राज्याची आहे, मल्टीस्टेट नाही. पन्नासनं सुरू करा."

मी म्हटलं, ठेव विमा नाही हे मला माहीत आहे, ते सोड. मागच्या वर्षीचा ताळेबंद आण, थकबाकी किती टक्के ते दाखव, ऑडिटचा वर्ग अ आहे की क ते सांग, आणि संचालकांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलं ते लेखी आण. तो म्हणाला साहेबांना विचारतो.

रोज चार वाजता गल्लीतून जातो. अजून विचारतोच आहे.