आयर्न बटरफ्लायचा ‘इन-अ-गाडा-दा-विडा’: काही महिने ऐकल्यानंतर

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. रेकॉर्ड दुसऱ्या बाजूसाठी घ्या. पहिली बाजू सोबत येतेच, तिला इलाज नाही.

आयर्न बटरफ्लाय या अमेरिकन रॉक बँडचा १९६८ चा हा अल्बम मी एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवर घेतला, अर्थात रीइश्यू, नव्याने काढलेली प्रत. आलेली पहिली प्रत कडेला वाकलेली होती, दर फेरीला सुई हेलकावे खायची. विक्रेत्याने बदलून दिली, पण बरीच हुज्जत घालून. दुसरी प्रत चांगली निघाली. दोन्ही बाजू वीस मिनिटांच्या आतल्या असल्याने खाचांची दाटी नाही, बास भरीव येतो, वरचा आवाज चिरकत नाही.

पहिल्या बाजूला पाच गाणी. बँड सॅन डिएगोचा, काळ हिप्पींचा, आणि एका गाण्याचं नावच ‘फ्लॉवर्स अँड बीड्स’. डग इंगल ऑर्गनही वाजवतो आणि गातोही. त्याचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आणि ते पोराच्या गळ्यातही उतरलंय: जाड, खर्जातला, थरथरता आवाज. तो आवाज गोडगोड प्रेमगीताला लावला की वाढदिवसाला शोकसभेतला वक्ता बोलावल्यासारखं वाटतं. ‘माय मिराज’मध्ये हाच आवाज शोभतो, कारण तिथे उदासी आहे. ‘टर्मिनेशन’ हे गिटारवादक एरिक ब्रान आणि बासवाला ली डॉर्मन यांचं. बरं आहे, संपतं. शेवटचं ‘आर यू हॅपी’ मात्र खरंच दणकट आहे. हल्ली ही बाजू लावलीच, तर सुई थेट त्यावर ठेवतो.

आता दुसरी बाजू. एकच गाणं, अल्बमच्याच नावाचं, सतरा मिनिटं. सुरुवातीला नुसता ऑर्गन, चर्चमधून उचलून आणल्यासारखा, आणि मग ती रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट. गिटार, ऑर्गन, बास, सगळे मिळून तीच एक ओळ वाजवतात. कोणी शोभेचं काही करत नाही. गिटारवर भरपूर फझ, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेला आवाज, आणि वाजवणारा ब्रान तेव्हा सतरा वर्षांचा! वय ऐकू येतं. सोलोमध्ये, म्हणजे एकट्याच्या वादनात, सफाई कमी, अंगावर येणं जास्त.

हे रेकॉर्डिंग झालं त्याची गोष्ट चाहत्यांना पाठ असते. लाँग आयलंडवर हेम्पस्टेडच्या स्टुडिओत निर्माता जिम हिल्टन अजून पोचला नव्हता. इंजिनिअर डॉन कासालेने साऊंडचेक म्हणून बँडला वाजवायला सांगितलं आणि टेप चालू ठेवली. तोच टेक अल्बमवर आला. हे कळल्यावर मधला सैलपणा समजतो, माफ होतोच असं नाही.

कारण सहा-साडेसहा मिनिटांनंतर रॉन बुशीचा ड्रम सोलो सुरू होतो आणि इथे श्रोत्यांचे दोन तट पडतात. बुशीने टॉम-टॉमची खालची कातडी काढून टाकली होती, त्यामुळे आवाज घुमत नाही, कोरडा ठक्क येतो. त्यावर फ्लँजिंग (एकाच आवाजाच्या दोन प्रती किंचित मागेपुढे करून मिसळणं) केल्याने तो सावकाश गरगरतो. हेडफोनवर ऐका, रात्री, दिवे घालवून. दिवसा स्पीकरवर याच अडीच मिनिटांत मी चहा टाकून येतो. पुढे ऑर्गन परततो, त्यात ‘गॉड रेस्ट ये मेरी, जंटलमेन’ या जुन्या नाताळगीताची सावली सापडते. हा भाग मला संपूर्ण अल्बममध्ये सगळ्यात आवडतो.

आणि मग पुन्हा ती रिफ. गाणं इतकं लांब भटकून आल्यावर ती जशी आदळते, तशी सुरुवातीला आदळत नाही. पुढच्या हार्ड रॉकचा धंदाच या पकडीवर चालला: चाल, कडवी, शब्द सगळं दुय्यम, एक जड ओळ धरायची आणि सोडायची नाही. १९६९ च्या जानेवारीअखेर न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये लेड झेपेलिन आयर्न बटरफ्लायच्या आधी वाजवायला होते, मुख्य नाव यांचं. वर्षभराने ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला आणि हा जडपणा कसा आटोपशीर वापरायचा ते दिसलं. १९८७ मध्ये स्लेअर या थ्रॅश मेटल (वेगवान, कर्कश हेवी मेटल) बँडने याच गाण्याचं कव्हर केलं, म्हणजे ते आपल्या पद्धतीने पुन्हा वाजवलं, ऑर्गन आणि ड्रम सोलो दोन्ही गाळून. उरली रिफ, आणि तेवढ्यावर त्यांचं गाणं उभं राहिलं.

गंमत म्हणजे ज्यांनी हे केलं त्यांना त्याचं पुढे फारसं काही करता आलं नाही. अल्बम अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेला, पुढचा ‘बॉल’ त्याच्याही वर, तिसऱ्यावर. पण ‘बॉल’ ऐकताना मला पहिल्या बाजूचीच आठवण येते.

ज्यांना एलपी परवडत नाही किंवा जागा नाही, त्यांनी १९९५ ची डीलक्स सीडी शोधावी. तिच्यात लाइव्ह आवृत्ती आणि तेव्हाचं सिंगल, म्हणजे या गाण्याची वेगळी काढलेली छोटी आवृत्ती, हेही आहे. सिंगल तीन मिनिटांच्या आत, सगळे सोलो कापलेले, अमेरिकेत तिसाव्या क्रमांकावर पोचलेलं. रेडिओवाल्यांची सोय झाली असेल. मला त्यात रिफ ऐकू येते, पण ती परत येत नाही, कारण ती कुठे गेलेलीच नसते. म्हणून सोलो कितीही कंटाळवाणे वाटले तरी पहिल्यांदा ऐकताना सुई उचलू नका. दुसऱ्यांदा उचला, माझी हरकत नाही.