वाहत्या नदीच्या बचावासाठी: हरित न्यायाधिकरण की ग्रामसभा?

नाशिक जिल्ह्यातून सह्याद्रीच्या पश्चिम उताराने वाहणाऱ्या नार, पार किंवा दमणगंगेच्या वरच्या खोऱ्यातील एखादी उपनदी आहे तशी वाहती राहावी असे ज्यांना मनापासून वाटते, आणि त्यासाठी आपला वेळ व श्रम नेमके कोठे लावावेत याचा निर्णय ज्यांना करायचा आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. नाशिक शहरात राहून मी दोन्ही वाटांनी काम केले आहे. एक वाट पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पीठाकडे जाते, तर दुसरी पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील पाड्यांच्या ग्रामसभांकडे. निवेदने, मोर्चे आणि लोकप्रतिनिधींच्या भेटी यांना आपापले स्थान आहे, पण त्या कोणत्याही वाटेवर कराव्याच लागतात, म्हणून येथे त्यांचा वेगळा विचार केलेला नाही.

या नद्यांचे पाणी दुसऱ्या खोऱ्यांत वळवण्याच्या योजनांची माहिती वाचकाला असेलच. दमणगंगा-पिंजाळ (मुंबईसाठी) आणि पार-तापी-नर्मदा (गुजरातसाठी) या दोन नदीजोड प्रकल्पांची नावे २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात आली. सुमारे ७,०१५ कोटी रुपयांच्या नार-पार-गिरणा योजनेला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. आपल्याकडे या विषयावरील चर्चा बहुतेक वेळा ‘आमचे पाणी गुजरातला का’ या एका प्रश्नावर येऊन थांबते. ती भावना मला समजते. गिरणा खोऱ्यातील शेतकऱ्याची निकडही खोटी नाही. मालेगाव आणि नांदगावकडचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे तो तिला हलके लेखणार नाही. तथापि नदीच्या बाजूने पाहिले, तर तिचे पाणी नर्मदेच्या बाजूला गेले काय आणि बोगद्याने गिरणेत गेले काय, तिच्या स्वतःच्या पात्राला दोन्ही सारखेच. ज्याला पाण्याच्या वाटणीसाठी लढायचे आहे त्याच्यासाठी इतर व्यासपीठे आहेत. पुढील तुलना नदीचे पात्र डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

प्रथम न्यायाधिकरणाची वाट. तिचे बळ निर्विवाद आहे. स्थगितीचा आदेश झाला की यंत्रे थांबतात, आणि एवढे सामर्थ्य दुसऱ्या कोणत्याही मार्गात नाही. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचे काम २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले, हे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. मंच निराळा असला तरी न्यायालयीन आदेशाची ताकद त्यातून दिसते. हरित न्यायाधिकरणाचे शुल्कही आवाक्यातील आहे. नुकसानभरपाईची मागणी नसेल तर अर्जासाठी एक हजार रुपये लागतात. खरा खर्च वकील, तज्ज्ञ आणि प्रवास यांचा असतो, पण चार समविचारी माणसे एकत्र आली तर तोही निभावतो.

मर्यादा कायद्याच्या रचनेतच आहेत. पर्यावरणीय मंजुरीविरुद्ध अपील करायचे तर मुदत तीस दिवसांची, आणि पुरेसे कारण दाखवल्यास फार तर आणखी साठ दिवसांची; त्यापुढे दार बंद होते. शिवाय अपील करण्यासाठी आधी मंजुरी दिलेली असावी लागते. केवळ पिण्याच्या पाण्यासाठी बांधले जाणारे धरण २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे महानगराची तहान हे कारण पुढे केलेल्या योजनेत आव्हान द्यायचे कशाला, येथूनच अडचण सुरू होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की न्यायाधिकरणाच्या अधिकारकक्षेतील कायद्यांच्या अनुसूचीत २००६ चा वनहक्क कायदा नाही. पेठ-सुरगाण्यात नदीकाठी राहणाऱ्या कोकणा, वारली आणि महादेव कोळी कुटुंबांचे नदीशी असलेले नाते ज्या कायद्याने सर्वांत स्पष्टपणे मान्य केले आहे, नेमका तोच कायदा तेथे थेट आधार म्हणून घेता येत नाही.

या सर्व मर्यादा सांभाळून घेता आल्या असत्या. माझा कल बदलला तो एका वेगळ्याच गोष्टीने, आणि ती मी थोडी विस्ताराने सांगतो.

आपल्याकडील सिंचन योजनांची आखणी नदीच्या वार्षिक येव्यावर (वर्षभरात वाहून येणाऱ्या एकूण पाण्यावर), साधारणपणे ७५ टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी मिळेल अशा पाण्यावर केली जाते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, म्हणून वर्षाचा आकडा मोठा भरतो. त्यातून स्थानिक गरज वजा केली की उरते ते ‘समुद्रात वाहून जाणारे अतिरिक्त पाणी’. एका लहान नदीवरील योजनेच्या विरोधात आम्ही अर्जाची तयारी करत होतो, तेव्हा त्या योजनेच्या अहवालात मी वारंवार एकच गोष्ट शोधत राहिलो: फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत ही नदी कशी असते? त्या महिन्यांचे पाणी वार्षिक येव्याच्या तुलनेत इतके थोडे असते की बेरजेत ते दिसतच नाही. कोष्टकात जवळजवळ शून्य भरणारे हे पाणी प्रत्यक्षात मात्र सर्वांत मोलाचे असते. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही या तालुक्यांतील अनेक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, आणि तेव्हा बायका हंडे घेऊन ज्या डोहावर किंवा नदीपात्रातील ज्या झऱ्यावर जातात, तो त्याच ‘शून्य’ पाण्यावर जिवंत असतो.

काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना हे सारे तपशीलवार ठाऊक असते. कोणता डोह वैशाखातही आटत नाही, कोणत्या वळणावर वाळू हाताने उकरली की पाणी लागते, पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे कोणत्या ओढ्यात शिरतात, हे त्यांनी आम्हांला पात्रातून चालत दाखवले. अर्जात मात्र यातील काहीही जसेच्या तसे घालता येईना. त्याचे इंग्रजी प्रतिज्ञापत्र करायचे, त्याला तज्ज्ञाचा अहवाल जोडायचा, आणि त्या अहवालासाठी प्रवाहाची मोजमापे हवीत, जी कोणी घेतलेलीच नव्हती. आमच्या वकिलांचे म्हणणे रास्त होते. आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते. म्हणून आम्ही उपलब्ध आकडे घेऊन पर्जन्यमानाच्या नोंदींवर आणि पाणलोटाच्या क्षेत्रफळावर वाद घालू लागलो. अर्ज जसजसा सुधारत गेला तसतशी त्यातून नदी कमी होत गेली, आणि ज्यांनी ती आम्हांला दाखवली होती त्यांना तो वाचताही येईना. आंगठा कोठे उठवायचा, एवढेच त्यांनी विचारले. ही बोच माझ्या मनातून आजही गेलेली नाही, आणि माझ्या पुरते निवडीचे पारडे तेथेच झुकले.

ग्रामसभेच्या वाटेवर हाच विषय पहिल्या बैठकीत, पहिल्याच तासात निघतो. सभा पाड्यावर, त्यांच्या बोलीत होते, आणि डोह कोणता हे सांगण्यासाठी कोणाला परिशिष्ट जोडावे लागत नाही. वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला वने आणि वन्यजीव यांच्याबरोबरच लगतचे पाणलोट क्षेत्र व जलस्रोत यांचे पुरेसे संरक्षण होईल हे पाहण्याचा अधिकार देते. सामूहिक वनसंपत्तीच्या हक्काचा दावा करताना गावाला आपल्या परंपरागत सीमा नकाशावर आणाव्या लागतात, आणि त्या नकाशात झरे, डोह, गुरांच्या पाणवठ्यांच्या जागा आपोआप येतात. मला हे काम मनापासून आवडले. वनहक्क समितीतील तरुण मोबाइलवर एकेका जागेचे अक्षांश-रेखांश घेत होते आणि वडीलधारी माणसे ‘अजून पुढे, त्या उंबराच्या खाली’ असे सांगत होती. तयार झालेली नोंदवही मराठीत होती, आणि ती गावातच राहिली.

कायद्याचा आधारही कमकुवत नाही. पेठ आणि सुरगाणा हे अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातील तालुके असल्यामुळे २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४१ तेथे लागू होते आणि जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरते. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या पेसा कायद्यातील सल्लामसलतीपेक्षा ही पुढची पायरी आहे. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइट खाणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि त्या डोंगरातील निवडलेल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. पार-तापी-नर्मदेविषयी गुजरातच्या डांग, वलसाड भागातील आदिवासी गावे २०२२ मध्ये रस्त्यावर उतरली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेथील मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. त्या वर्षाच्या अखेरीस तेथे विधानसभेची निवडणूक होती हे ध्यानात घ्यायला हवे, आणि तशी घोषणा पुढे किती टिकते याविषयी सावध राहणेच बरे. तरीही गावे एकत्र नसती तर निवडणुकीनेही काही घडले नसते, असे मला वाटते.

या वाटेचे उणेपणही सांगितले पाहिजे. ठराव म्हणजे स्थगिती नव्हे. उद्या झाडे तोडायला कोणी आले तर ठरावाची प्रत दाखवून काम थांबेलच असे नाही. २०२२ च्या वन संरक्षण नियमांमुळे वनहक्क कायद्याच्या पूर्ततेची पडताळणी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याने करायची अशी रचना झाली, त्यामुळे ग्रामसभेचा नकार पूर्वी ज्या टप्प्यावर अडवू शकत होता तो टप्पा मागे पडला आहे. दावे उपविभागस्तरीय समितीकडून जिल्हास्तरीय समितीकडे जाता जाता दीर्घकाळ रेंगाळतात. आणि गणपूर्ती हा कायमचा प्रश्न आहे: निम्मे सदस्य हजर हवेत, त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, आणि दिवाळीनंतर निम्मा पाडा निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला गेलेला असतो.

तेव्हा निवड कशी करावी? तुमच्या नदीवरील योजनेला मंजुरी मिळून तीस दिवसांचे घड्याळ सुरू झाले असेल, तर माझी आवड-निवड बाजूला ठेवून आधी पुणे गाठा. तेथे फार उशिराला क्षमा नाही. योजना अजून सर्वेक्षणाच्या किंवा सविस्तर प्रकल्प अहवालाच्या टप्प्यावर असेल, जी स्थिती या खोऱ्यांतील बऱ्याच ठिकाणी आहे, तर मी विनाशंक नसलो तरी ग्रामसभेचीच वाट सुचवीन. पुढे न्यायालयात जावेच लागले, तर ठराव, सामूहिक हक्काचा नकाशा आणि उन्हाळी पाण्याची गावाने ठेवलेली नोंदवही हा पुरावा हाती असतो, आणि आमच्या अर्जाला नेमकी त्याचीच उणीव होती. उलट दिशेने हे घडत नाही. न्यायालयासाठी तयार केलेल्या कागदांतून ग्रामसभा उभी राहिल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.

सुरुवात करणाऱ्याने १ मे ची ग्रामसभा धरावी. द्राक्षांचा हंगाम उरकून माणसे परतलेली असतात, भाताच्या राबाची तयारी गावातच चाललेली असते आणि नदी वर्षातील सर्वांत कमी पाण्यावर असते, त्यामुळे सभेच्या आदल्या आठवड्यात पात्रातून चालून डोह व झरे नोंदवता येतात आणि ती यादी ठरावालाच जोडता येते. पाड्याची ग्रामसभा स्वतंत्र घोषित झालेली नसेल, तर त्यासाठीचा ठरावही त्याच दिवशी घ्यावा. इतिवृत्त सभा उठण्यापूर्वी वाचून दाखवायला लावावे, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात मिळवावी. ती मिळण्यास टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो.