‘सगळे सिक्लिड एकत्र राहतात’ असं सांगून विकलेले मासे

पुण्यातल्या एका टँकवाल्याने मला सहा फुटी टँकसोबत तीस सिक्लिड (माशांचं एक मोठं कुळ) विकले. त्यातले निम्म्याहून जास्त मासे वर्षभरात एकमेकांनी मारले, नाहीतर गिळले. कोण कोणाला मारणार हे विकणाऱ्याला आधीपासून ठाऊक होतं, म्हणून मी याला फसवणूक म्हणतो. मेलेल्या माशाच्या जागी नवा मासा आणि आजारी माशाला औषध, यावर त्याची दर महिन्याची कमाई चालत होती. वेगवेगळे सिक्लिड एकत्र गळ्यात घालायची हीच ‘आफ्रिकन कॉम्बो’ची टूम अजूनही नव्या लोकांच्या गळ्यात मारली जाते आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

सुरुवात मापापासूनच झाली. टँक सहा बाय दोन बाय दोन फुटांचा. विक्रेत्याने तो ‘हजार लिटरचा’ म्हणून सांगितला आणि त्याच हिशेबाने मासे आणि औषधाचे डोस ठरवले. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि हजाराने भागा. १८३ गुणिले ६१ गुणिले ६१ केलं की साधारण ६८० लिटर येतात. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी सहाशेच्या आसपास. म्हणजे दर वेळी औषध दीडपटीहून जास्त पडत होतं.

मासे निवडताना त्याचं एकच पालुपद होतं. “दादा, टेन्शन घेऊ नका. सगळे सिक्लिडच आहेत, एकाच घरातले. आरामात राहतात.”

एका घरातले आहेत हे खरं, पण त्याला काहीच अर्थ नाही. एंजल आणि डिस्कस सिक्लिड आहेत, ऑस्कर सिक्लिड आहे. गोव्यात आणि तळकोकणात खातात ती कालुंदर सिक्लिड आहे आणि उजनीच्या जाळ्यात भरभरून येणारी चिलापीसुद्धा सिक्लिडच. डिस्कसला मऊ, किंचित आम्ल आणि २८ ते ३० अंशांचं पाणी लागतं. आफ्रिकेतल्या मलावी तलावातल्या माशांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं, पीएच पावणेआठच्या वर. कुळावरून सोबत ठरत नाही. मासा कुठल्या पाण्यातला, पूर्ण वाढल्यावर किती मोठा, काय खातो आणि जागेसाठी किती भांडतो, यावर ठरते. विकणाऱ्याने यातली एकही गोष्ट सांगितली नाही. मी विचारलं तेव्हा “सगळे चार-पाच इंचांचे होतात” असं छातीठोकपणे सांगितलं.

आता त्या तीसांत काय होतं ते सांगतो.

पिवळ्या अंगावर तपकिरी डाग असलेली चार पिल्लं ‘रेअर पीकॉक’ म्हणून दिली, साध्या पीकॉकच्या दुप्पट भावाने. पीकॉक म्हणजे मलावी तलावातला शांत, रंगीत सिक्लिड. तो पीकॉक नव्हताच. ते व्हीनस्टस होते, ज्यांना जिराफ सिक्लिड म्हणतात. मलावी तलावातला हा मासा दुसरे लहान मासे खाऊन जगतो आणि पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. पीकॉक दहा-बारा सेंटिमीटरवर थांबतो. पिल्लं दोन इंचांची असताना सगळे गुण्यागोविंदाने राहिले. व्हीनस्टस हाताच्या पंजाएवढे झाले तसे रात्रीतून छोटे मासे नाहीसे व्हायला लागले. टँकवाल्याचा माणूस म्हणाला, “उडी मारून बाहेर पडले असतील.” टँकला काचेचं झाकण होतं.

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सहा मासे ‘गोल्डन आफ्रिकन’ म्हणून दिले. ते ऑरॅटस. लहानपणी इतके देखणे की टँकमध्ये पहिली नजर त्यांच्यावरच जाते. मोठा होताना नराचं अंग काळपट होतं, आणि मबूना म्हणजे मलावीच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिड मंडळींमध्ये त्याच्याइतका भांडखोर मासा क्वचितच असेल. एका नरामागे तीन-चार माद्या, दगडांच्या भरपूर कपारी आणि तितकेच दणकट शेजारी असतील तर तो जमतो. शांत पीकॉकबरोबर तो ठेवणं म्हणजे पीकॉकचा जीव घेणं.

‘किंगकाँग पॅरट’ म्हणून दोन नारिंगी मासे आले. पॅरट हा संकरित मासा आहे. त्याचं तोंड सहसा नीट मिटत नाही, चोचीसारखं उघडं राहतं. माझ्याकडच्या दोघांची तोंडं घट्ट मिटत होती आणि ओठ जाड होते. ते रेड डेव्हिल निघाले, निकाराग्वाच्या तलावांतले, फूटभर वाढणारे. त्यांनी वाळू उपसून टँकचा अर्धा भाग आपला केला आणि दुसऱ्या कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते उरलेल्या पीकॉकबद्दल. ते दुकानात दोन-अडीच इंचांचे असतानाच निळे, लाल, केशरी झळकत होते. घरी आल्यावर काही आठवड्यांत एकेक करून राखाडी झाले. टँकवाला म्हणे, “स्ट्रेस आहे, दादा. कलर बूस्टरचं खाद्य द्या.” ते खाद्यही त्याच्याकडूनच घ्यायचं. दबलेल्या नराचा रंग उतरतो हे खरं आहे, त्यामुळे ही थाप सहज पचते. पण इथे रंग सगळ्यांचाच उतरला, अगदी जो मासा इतरांना हाकलत होता त्याचाही. पीकॉकचा नर साधारण तीन इंचांच्या पुढे रंगायला लागतो आणि मादी जन्मभर राखाडी-तपकिरीच राहते. माद्या आणि कच्ची पिल्लं यांना नराचं हार्मोन देऊन रंगवतात, बाजारात उभं करतात, आणि औषधाचा अंमल उतरला की रंगही उतरतो. कोवळ्या जिवाला असं रंगवणं हा मला निव्वळ क्रूरपणा वाटतो, त्यात पैसे गेले ते वेगळेच.

हे सगळं मला उलगडलं ते सिक्लिडची पैदास करणाऱ्या एका जुन्या काकांमुळे. त्यांनी राखाडी मासे एकेक करून ओल्या हातावर उलटे धरले, पोटाखालची छिद्रं पाहिली आणि सांगितलं, “ही सगळी मादीच आहे.” नंतर टँकमध्ये पोट फुगलेला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा ऑरॅटस पाहिला आणि खाद्य काय देता ते विचारलं. टँकवाल्याने सगळ्यांना गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) घालायला सांगितले होते. मबूना दगडावरचं शेवाळ खरडून खाणारे मासे. त्यांना रोज असं मांसाहारी खाद्य घातलं आणि वर मारामारीचा ताण असला की पोट फुगण्याचा तो आजार धरतो. टँकवाल्याचा माणूस दर महिन्याला ‘इन्फेक्शन’ म्हणून एक पिवळं आणि एक निळं औषध ओतून पैसे घेऊन जात होता. कुरतडलेल्या शेपट्यांनाही इन्फेक्शनच म्हणत होता.

जाब विचारायला दुकानात गेलो तेव्हा मालक नव्हता. पोऱ्याने मला मागच्या खोलीत बसवलं. तिथे मोठे व्हीनस्टस आणि रेड डेव्हिल होते. प्रत्येक टँकमध्ये काचेचं पार्टिशन टाकून, एका कप्प्यात एकच. ज्याने मला ‘आरामात राहतात’ म्हणून एकाच पाण्यात तीस मासे सोडून दिले, तो स्वतःकडे दोन मासेसुद्धा एकत्र ठेवत नव्हता. याहून वेगळा पुरावा मला नको होता.

मालक आल्यावर आधी म्हणाला, “जिवंत मालाची गॅरंटी नसते.” मग म्हणाला, “मोठे झालेत ना, नदीत सोडून द्या, नवीन स्टॉक देतो.” हे ऐकून मला खरोखर संताप आला. टँकमधले परदेशी मासे नदीत, तलावात, विहिरीत कधीच सोडू नका. आपल्या धरणांत चिलापी आणि टँकची काच चाटणारा सकर मासा कसा पसरलाय ते कोणत्याही कोळ्याला विचारा.

दुकानात हे मासे शांत का दिसतात, तेही लक्षात घ्या. तिथे पिल्लं असतात, खचाखच भरलेली, रोज नवी येणारी आणि जाणारी. तळ उघडा, एकही दगड नाही. कुणाला आपली म्हणावी अशी जागाच नसते, मग भांडायचं कशासाठी? सहा-आठ महिन्यांनी ते वयात येतात, तेव्हा ते तुमच्या घरात असतात. म्हणून “आत्ता बघा ना, किती छान राहतायत” या वाक्यावर एक रुपयाही देऊ नका. याच जातीचा पूर्ण वाढलेला मासा दाखवा म्हणावं.

सहा फुटी टँकमध्ये सुंदर संच नक्की होतो. मला विचाराल तर नवख्याने पीकॉक आणि शांत हॅप (मलावीतलेच, मोकळ्या पाण्यात फिरणारे सिक्लिड) घ्यावेत, सोबत हवे तर पिवळे लॅबिडोक्रोमिस, म्हणजे मबूनांतले शांत मासे. एकाच रंगाचे, एकाच नक्षीचे दोन नर नकोत, कारण ते एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. मबूना आवडत असतील तर फक्त मबूना घ्या, दगडांचा ढीग रचा आणि फिल्टर जबरदस्त ठेवा. ऑस्कर हवा असेल तर आफ्रिकन माशांचा विषय सोडून द्या. दोन ऑस्कर, सोबत सेव्हरम आणि जिओफॅगस हे दक्षिण अमेरिकेतलेच सिक्लिड, एवढ्यात हा टँक भरतो, कारण ऑस्कर फूटभर होतो. रेड डेव्हिल एकटाच राहू द्या.

माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं, त्याने ते मुद्दाम टाळलं होतं. पण व्हॉट्सॲपवर ‘रेअर पीकॉक ४ पीस’ असं त्याच्याच हाताने लिहिलेलं होतं, पैसे यूपीआयने गेले होते आणि माशांचे तारखेसकट फोटो होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर त्याचा फोन आला आणि माशांचे पैसे त्याने परत केले. औषधांचे आणि महिन्याच्या देखभालीचे दिले नाहीत, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. मासे घेताना बिलावर प्रत्येक जातीचं शास्त्रीय नाव लिहून मागा. ‘आफ्रिकन मिक्स’ एवढंच लिहून देणारा असेल तर पैसे काढू नका.